उत्सवानंतरची उष्टी भांडी

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी आनंदाची बातमी सांगते. माझी कादंबरी छापून आली आणि पहिली आवृत्ती संपलीसुद्धा.

छोटं गाव, उत्सव आणि त्यात जुळलेलं प्रेम. असली पुस्तकं वाचूनच मी इथले एकटे रविवार काढले. शेवटी सगळे एका अंगणात जमतात, तेव्हा जीव निवतो. पण नंतर भांडी कोण घासतं, ते कुणीच लिहीत नाही. मी नायकालाच बसवलं घासायला.

संपादक म्हणाले, "हे पान काढा, प्रेमाचा रंगच उतरतो."

"मग पुस्तकच परत द्या," मी म्हटलं. शेवटी तेच नमले. आता वाचक बायका त्याच पानाबद्दल भरभरून लिहितात.

माझा खोकला आता बराच कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? यंदाही सणाला येणं जमेलसं दिसत नाही.

सोबत पुस्तक पाठवतेय. बाबांना ते पान मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच,
धाकटी