आठ मजली हिमालय

६ एप्रिल २०१८, शुक्रवार. अल-खोबर

आज आठही मजले चढलो. पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो बासमती. समुद्राला चिकटलेल्या गावात हिमालयाची तयारी करायची तर आपल्या इमारतीचा जिना हाच पर्वत. दर मजल्याला एक विभक्ती म्हणतो. पहिल्यावर रामः रामौ रामाः, आठव्यावर संबोधन. 'हे राम' तिथे आपोआपच निघतं.

रखवालदाराने सॅक उघडायला लावली. तांदूळ बघून आणखीच गोंधळला. "लिफ्ट चालू आहे, साब," म्हणाला.

९ एप्रिल

ऑगस्टची रजा मागितली. लडाख, सहा हजार मीटरच्या वरचं शिखर. दीनानाथ – शाळेत माझ्या बाकावरचा – तुकडी नेतोय. पंचावन्न पूर्ण झालेला माणूस ते घेत नाहीत. माझी सप्टेंबरात पूर्ण होतात. म्हणजे यंदा, नाहीतर फोटोत.

घरी बायको, शोभना, म्हणाली, "हिमालय कुठे पळून जातोय?"

हिमालय नाही. गुडघे.

११ एप्रिल

ऑफिसात हम्माद आलाय. सव्वीस वर्षांचा. 'इंग्रजी पत्रव्यवहार शिकायला', म्हणजे माझ्या खुर्चीवर बसायला. सौदीकरण – परक्यांच्या जागी सौदी माणसं. आतापर्यंत सगळ्यांना निरोपाची पत्रं मीच लिहिली. माझं लिहायला कुणीतरी तयार करायला नको?

आज त्याने माझ्याच मसुद्यातली चूक दाखवली. खरंच चूक होती! राग आला, थोडा अभिमानही वाटला. दोन्ही चहाबरोबर गिळले.

१३ एप्रिल, शुक्रवार

"उस्ताद, जिन्यावर कोण डोंगर शिकतं? यल्ला, चला!" म्हणून हम्माद त्याच्या गावी, हुफूफला घेऊन गेला. जवळच अल-करा डोंगर. आपल्याकडे टेकाड म्हणतील. मी बर्फाचे बूट घालून धापा टाकत, तो चपला घालून फोनवर बोलत. वर तोच आधी.

मग त्याच्या घरी. बावीस वर्षांत सौदी माणसाच्या घरात पहिल्यांदाच पाऊल! वडील लोडाला टेकून बसलेले, हम्माद उभा राहून ओततोय. वेलदोड्याची पिवळसर कॉफी. फिंजान म्हणजे त्यांचा बिनकानाचा कप, आचमनाच्या पळीइतका. रिकामा झाला की भरतो. नको म्हणणं असभ्य, म्हणून पीत गेलो. आचमनं तीन असतात. मी चौदा केली. वडील माझ्याकडे आदराने बघायला लागले.

परतताना गाडीत हम्माद म्हणाला, "पुरे झालं की फिंजान असा हलवायचा, उस्ताद. तुम्ही हलवेनात, मला थांबता येईना. हात दुखतोय माझा."

दोघंही सभ्यपणापायी मरायला टेकलो होतो.

२२ एप्रिल

हम्मादचं काय बिनसलंय? एका पत्रात नऊ चुका. तारीखसुद्धा! आणि पत्र मला न दाखवता थेट मॅनेजरकडे.

२४ एप्रिल

अकरा.

३० एप्रिल

मॅनेजरने बोलावलं. "पोरगा तयार नाही. त्याला काढतो. तुम्ही आणखी दोन वर्षं राहा." मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात – "पण ऑगस्टात रजा नाही. गुरुवारी सांगा."

घरी सांगितलं. शोभनाने शिरा केला. शिरा छान झाला होता. जिना चढलो नाही.

१ मे

हम्मादला गाठलं. "चुका करायच्या तर तारीख तरी बरोबर घालायची. मला कळणार नाही वाटलं?"

हसला नाही. "वडील म्हणाले, ज्याने आपल्या घरी चौदा फिंजान घेतले, त्याची खुर्ची घ्यायची नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं खलास. बघेन दुसरीकडे."

मला नको म्हणता येत नव्हतं, एवढंच. वडिलांनी त्यालाच मैत्री मानलं. आता हम्मादची नोकरी जाणार आणि माझा डोंगर. म्हणजे पुन्हा तेच चाललंय. तो ओततोय, मी पितोय. फिंजान कुणीच हलवत नाही.

दीनानाथचा मेसेज – यादी शनिवारी बंद. उत्तर दिलं नाही.

३ मे, गुरुवार

मॅनेजरने स्वतः कॉफी ओतली. तीन घेतले आणि फिंजान हलवला. त्याला वाटलं, मी कॉफीबद्दल बोलतोय. मग खिशातलं पत्र पुढे केलं.

शोभनाला आठ मजले चढून गेल्यावर सांगेन. तोवर धाप तरी लागलेली असेल.

राजीनाम्याचा मसुदा हम्मादचा. खाली 'मसुदा: हम्माद' असं मुद्दाम घालायला लावलं, मॅनेजरला दिसावं म्हणून. एकही चूक नाही.