दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

प्रिय उस्ताद,

हे नाव तुला मीच दिलं होतं, आणि मनापासून दिलं होतं. आज लिहिताना हात अडला, पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला हाक मारायची सवय नाही, म्हणून तेच राहू दे. पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, हसण्यावारी नेतोस, आणि मला हे सलग सांगायचं आहे. तुझी लेक मागच्या आठवड्यात दुकानात येऊन गेली. गिटार घेऊन आली होती. घाई आहे ती तिच्यामुळेच, नाहीतर मी हे गिळून बसलो असतो. पण आधीचं सांगितल्याशिवाय तिचं तुला कळायचं नाही.

मध्यंतरी एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आणला. पट्टा सैल पडला होता, सुई बोथट झाली होती, बाकी यंत्र ठणठणीत. न्यायला आले तेव्हा चाचणीसाठी पिशवीतून एक रेकॉर्ड काढली, तर ती आपली, त्या ब्रिटिश बँडची! तेच निळं कव्हर, त्यावर तीच कशालाच न टेकलेली शिडी. मी खूश होऊन त्यांना म्हटलं, चाचणीला ह्याहून चांगली रेकॉर्ड नाही, दुसऱ्या गाण्यात ड्रमवाला किंचित मागे राहतो, प्लेअर जरा जरी हळू फिरत असला तरी तिथे लगेच कळतं. डॉक्टर म्हणाले, "पाठ केलीये की काय तुम्ही?" मी म्हटलं, पाठ नाही हो, ह्याच्यात वाढलोय. दोन्ही बाजू लावल्या. दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गाणं संपलं, तिथे अल्बम संपतो, म्हणून मी सवयीने सुईचा आर्म उचलायला हात पुढे केला. आणि पाहतो तर सुईच्या पुढे दोन बोटं खाचा शिल्लक. मला वाटलं, डोळे दगा देतायत. तेवढ्यात तुझं गाणं सुरू झालं.

तेच तीन उतरते सूर, तीच चौथ्यावर रेंगाळणारी तार, फक्त गळा दुसऱ्याचा आणि शब्द इंग्रजी. आता हस हवं तर, पण पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आलं ते असं, की ह्या लोकांनी आपल्या उस्तादची चाल ढापली! खरंच, क्षणभर मी तुझ्या बाजूने त्या ब्रिटिश बँडवर चिडलो. मग कव्हर उलटून साल पाहिलं. त्या साली तू आणि मी चड्डी सावरत शाळेत जात होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं, बिघडलं का काही?" मी म्हटलं, नाही, प्लेअर अगदी चांगला चाललाय.

तुझ्या मामाने बोटीवरच्या नोकरीतून ती रेकॉर्ड आणली, तेव्हा आपल्या सगळ्या ओळखीत ती एकट्या तुझ्याकडे होती. मी मागितली, तर तू म्हणालास, मामाची सक्त ताकीद आहे, रेकॉर्ड उंबरा ओलांडणार नाही, पण तुला कॅसेट भरून देतो. दिलीस. तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात आतल्या कागदावर नऊ गाणी लिहिलेली. मी नऊच्या नऊ गाणी हाडात मुरवली. दुसरी प्रत कधी विकत घेतली नाही, कारण तो मला बाहेरख्यालीपणा वाटायचा. आणि त्या घरात आणखी एखादी खोली आहे का हे बघायचं मनातही आलं नाही; राहत्या घराच्या खोल्या कोण मोजतो? नवव्या गाण्यानंतर कॅसेटवर बराच वेळ नुसती खरखर होती. पहिल्या बाजूला एवढी नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं, तू चिडवायचास तसा सगळं मोजणारा मी मोजपट्टी ना! पण मी त्या खरखरीलाही अर्थ लावला. लोकांना सांगायचो, बघा, एवढं सगळं बोलून झाल्यावर ते तुम्हाला तुमच्यापाशी सोडून जातात. लोक माना डोलवायचे. आमच्या शनिवारच्या मंडळींतला बसचा ड्रायव्हर एकदाच म्हणाला होता, "मास्तर, शेवटचं गाणं कुठे गेलं?" तर मी छातीठोकपणे त्याला सांगितलं, नंतरच्या आवृत्त्यांत कंपन्या काहीबाही जोडून विकतात, मूळ अल्बममध्ये तसलं काही नाही. बिचाऱ्याने ते खरं मानलं. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?

हे शनिवारचं तुला माहीत नसेल. दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि आम्ही चारपाच जण तो अल्बम लावतो. इतक्या जुन्या गाण्यांत आता काय उरलंय, असं माझी बायको विचारते. मी तिला दरवेळी वेगळं उत्तर देतो आणि दरवेळी ते अपुरं पडतं. ड्रायव्हर म्हणतो, "हे लागलं की मी एकोणीसचा, फक्त गुडघे पुढे निघून गेलेत." मला विचारशील तर बँडमधल्या त्या चौघांनी काही लपवलेलं नाही, म्हणून तो अल्बम टिकला. चौथ्या गाण्याआधी खुर्ची करकरते, ती त्यांनी पुसली नाही. सातव्यात गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही, तोही ठेवला. माझ्या पहिल्या टेपवर बेस ऐकूच यायचा नाही, नुसती भिंत थरथरल्यासारखं वाटायचं, तो ऐकायचा म्हणून मी स्पीकर उघडला, मग अँप्लिफायर, मग लोकांचे अँप्लिफायर. शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलो तो त्याच नऊ गाण्यांवर. कॉलेजचं तोंड न बघता आज मी जो काही आहे, तो त्या कॅसेटने आहे. आणि ती कॅसेट तू भरलीस. उपकार मानायचे तरी तुझेच, आणि कॉलर धरायची तरी तुझीच, अशी माझी गोची करून ठेवलीस.

आता त्या दिवसाचं. लॉन्ड्रीच्या वरची आपली खोली, खालून इस्त्रीची वाफ यायची, आणि तू खिडकीत बसून म्हणालास, "एक सुचलंय रे, ऐक. हसायचं नाही." शब्द आपल्या भाषेतले, साधेच. पण चाल! मी त्या वेळी स्वतःच्या सहा चाली बांधल्या होत्या, तुला माहीत आहेत, त्यांतल्या दोन तू चांगल्या म्हणाला होतास. तुझं गाणं संपलं आणि मला माझी जागा कळली. वाटलं, देव एका खोलीत दोघांना देत नाही. त्याच आठवड्यात मी गिटार विकली आणि सोल्डरिंग शिकायला लागलो. तू अडवलंस का? नाही. "तुझा हात कामाचा आहे," म्हणालास, पाठ थोपटलीस. ज्याला सगळं ठाऊक होतं तो पाठ थोपटत होता! मी हरलो, ह्याचं मला कधीच वाईट वाटलं नव्हतं, कारण मी माझ्या मित्राकडून हरलो होतो, आणि त्यातही एक मजा असते. पुढे तूही दुसरं गाणं केलं नाहीस, विमा कचेरीत चिकटलास, तर मी तुझी बाजू घेऊन भांडायचो. लोक म्हणायचे, उस्ताद आटला. मी म्हणायचो, ज्याला असं एक सुचलं त्याने दुसरं कशाला करावं? काय वकिली केली रे मी तुझी!

बायको म्हणते, "अहो, अठरा वर्षांच्या पोराने एक गाणं आपलं म्हणून सांगितलं, एवढं काय? पोरं काय काय करतात." तिचं बरोबर आहे. गाणं ढापलंस, ते मी एका दिवसात सोडलं असतं. मला लागलंय ते वेगळंच. तू कॅसेट भरत होतास तेव्हा नववं गाणं संपताना तुझा हात बटणावर होता. त्याच क्षणी तू ठरवलंस, की ह्याला हे ऐकू द्यायचं नाही. म्हणजे गाणं म्हणून दाखवायच्या कितीतरी आधी तुझी तयारी झाली होती. आणि मी ती कॅसेट कुरवाळत तुझे आभार मानत राहिलो. मोजपट्टी म्हणून मला चिडवणारा तू, आणि मापात मारलंस ते मलाच.

आणि आता तुझी लेक. गिटार काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "काका, हिचा आवाज मध्येच जातो, तेवढं नीट करून द्या. विकायचीये." मी विचारलं, का गं? म्हणाली, "आमच्या घरात बाबांचं ते एक गाणं आहे ना, लहानपणापासून ऐकतेय. चार वर्षं झाली, त्याच्या आसपास जाणारं काहीतरी सुचतंय का बघतेय. नाही सुचत. बाबा म्हणतात, असं एकदाच होतं, आणि सगळ्यांच्या नशिबात नसतं. मग म्हटलं, पुरे झालं." मी तिला तो अल्बम ऐकलाय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही, बाबांना ती जुनी इंग्रजी गाणी अजिबात आवडत नाहीत, घरात लावू देत नाहीत." तिने तिच्या दोन चाली मला वाजवून दाखवल्या, आवाज मध्ये मध्ये जात असताना. एक बेताची आहे. दुसरी, उस्ताद, दुसरीत एक वळण आहे जे तुझं नाही, माझं नाही, त्या चौघांचंही नाही. मी ते अजून गुणगुणतोय.

त्या दहाव्या गाण्याचं मी तिला सांगितलं नाही. गिटारची वायर खोचायच्या जॅकची एक तार सुटली होती, पाव तासाचं काम, ती गेल्या गेल्या करून टाकलं. पण तिला सांगितलं की सुटा भाग मिळत नाही, थांबावं लागेल. गिऱ्हाइकाला मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, तेही तुझ्यापायी. काल तिचा पुन्हा फोन आला, विकत घेणारा मिळालाय म्हणून. आता मला फार दिवस रेटता येणार नाही. म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको, खुलासा तर नकोच. माझं जे गेलं ते गेलं, आणि आपल्यात जे होतं ते पुन्हा होईल असं मला वाटत नाही. पण एका खोलीत बसून तू दुसऱ्यांदा तेच करतोयस, आणि ह्या वेळी समोर तुझं स्वतःचं पोर आहे. रविवारी दुकान बंद असतं. तू ये, तिला घेऊन ये. डॉक्टरांकडून ती रेकॉर्ड मी मागून ठेवली आहे. दुसरी बाजू लावायची, आणि सुई शेवटच्या दोन बोटांवर ठेवायची, ती तू, तुझ्या हाताने. मी बाहेर फुटपाथवर उभा राहीन. मग तिला विकायचीच असेल तर खुशाल विकू दे, पण कोणाकडून हरली हे कळून विकू दे.

तुझाच, अजून तरी,
मोजपट्टी