अनुक्रमांक सहाशे बारा

१ ऑगस्ट, गुरुवार

आदेश आला. मतदार याद्यांचं काम. भाग तोच, केंद्रस्तरीय अधिकारी, बीएलओ, तीच — म्हणजे मीच. उद्यापासून तिसरीचा वर्ग सुटला की घरोघर फिरायचं. नवीन नावं लावायची, चुका दुरुस्त करायच्या, वारलेल्यांची नावं काढायची. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "तुम्हाला तर सवय आहे नूतन मॅडम." मी आदेशाची घडी करून पर्समध्ये टाकली.

यादी घरी आणली. एक हजार चव्वेचाळीस नावं. आमची गल्ली एकविसाव्या पानावर. ते पान उघडलं नाही. गरजच काय, पाठ आहे. ६११ झुलाल — माझे सासरे, आबा. ६१२ समाधान, माझा नवरा. ६१३ मी. फोटोत समाधानच्या शर्टाचं वरचं बटण उघडं आहे. स्टुडिओत शिरताना तीनदा सांगितलं होतं, लाव म्हणून!

चौदा महिने झाले त्याला जाऊन. एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामावर असतानाच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. नाव मात्र यादीत तसंच आहे. ते काढायचं काम जिच्याकडे, ती मी.

३ ऑगस्ट, शनिवार

सदतीस घरं झाली. अकरा चहा. पिंप्राळ्यात बीएलओला पगार नसला तरी चालेल, पण आतडी लोखंडाची हवी.

एका घरी फैजपूरची नवी सून. तिकडचं नाव इकडे घ्यायचं म्हटल्यावर लाजली, जसं काही मी बाळाचंच विचारलं. सासूने केळीचे वेफर्स बांधून दिले. माझ्या लेकीने, पुनमने, रात्री जेवण सोडून तेच खाल्ले.

धनकुंवरबाईंकडे अर्धा तास गेला. त्यांची लेक चेलना लग्न होऊन धुळ्याला गेली त्याला तीन वर्षं झाली. नाव अजून इथेच. मी म्हटलं, तिचं नाव तिकडे घेऊ, नमुना आठ भरू. त्या म्हणाल्या, "मॅडम, कपाट रिकामं केलं, खोली रिकामी केली. आता यादीतूनपण काढता? एक नाव तरी राहू द्या ना घरी." मी कायदा समजावून सांगितला. कायदा सांगताना माझा आवाज वर्गात पाढे म्हणतानाचा होतो, हे मला माहीत आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि अजून एक कप चहा ठेवला.

बाहेर येऊन स्कूटी चालू करताना मला स्वतःचीच लाज वाटली. कुणाला शिकवत होते मी?

५ ऑगस्ट, सोमवार

मधल्या सुट्टीत माझ्या तिसरीच्या पोरी काहीतरी खेळत होत्या. भिंतीआडून ऐकलं. एकीने ओढणी खांद्यावर घेतलेली, हातात पाटी. दार वाजवल्यासारखं करून विचारते — "घरात किती माणसं? अठराच्या वर कोण? कोणी वारलं का?" दुसरी म्हणे, "नाही." तर ही एकदम माझ्या सुरात — "बरं, मग इथे सही करा."

हसू आलं. वर्गात येऊन फळ्यावर तारीख लिहिली, तरी हसत होते. मग 'कोणी वारलं का' हे आपण इतकं सहज विचारतो, हे डोक्यातून जाईना.

६ ऑगस्ट, मंगळवार

मंदाबाईकडे गेले. चौकातली भाजीवाली मंदाबाई. तिचा नवरा निंबा आषाढात गेला, कावीळ होऊन. मला ठाऊक होतं, मी सांत्वनाला दारावर जाऊनही आले होते. आज कागद घेऊन जावं लागलं.

तिने मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. मी नमुना सात भरला, नाव वगळायचा अर्ज. नाव. कारण — मयत. दोन मिनिटं लागली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ते चांगलं अक्षर मंदाबाई निरखून पाहत होती. तिला वाचता येत नाही, तरी कोणता शब्द कोणता ते तिला बरोबर कळलं असावं. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

मग अंगठा देताना विचारलं, "तुम्हले बी असंच लिखनं पडनं का, मॅडम?"

मी "हो" म्हटलं.

७ ऑगस्ट, बुधवार

खोटं बोलले. मंदाबाईशी. दुसऱ्या कुणाशी बोलले असते तर एवढं लागलं नसतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं.

मागच्या दिवाळीच्या सुमारास याद्या झाल्या तेव्हाही मी ते नाव सोडलं होतं. तेव्हा पाचच महिने झाले होते, कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मे महिन्यात मतदानाच्या आधी चिठ्ठ्या वाटायच्या होत्या — नाव, क्रमांक, केंद्र. गठ्ठ्यात समाधानची चिठ्ठी निघाली. वाटप न झालेल्या चिठ्ठ्या परत द्यायच्या असतात. मी एक कमी दिली. कुणी मोजलं नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले होते. लोक येत होते, मी क्रमांक सांगत होते. ६११ आले, आबा, काठी टेकत. ६१३ मी स्वतः. मधली ओळ दिवसभर तशीच. संध्याकाळी वाटलं, अजून पाच मिनिटं आहेत. वर्कशॉपमधून सुटून नेहमी शेवटच्या पाच मिनिटांतच तर यायचा!

वेड लागलं नाही मला. मृत्यूचा दाखला मीच आणला, त्याचे पीएफचे कागद मीच केले, रेशनकार्डावरून नाव काढतानाही हात थांबला नाही. पण तिथे दुसरं कुणीतरी लिहीत होतं. मी फक्त सही करत होते. इथे 'मयत' हा शब्द माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहायचा आहे. तेवढं जमत नाही.

वीस तारीख शेवटची.

११ ऑगस्ट, रविवार

श्रावणातली कानबाई देवी घरात बसली. मागच्या वर्षी दुखवटा होता, नैवेद्याचे रोट झाले नाहीत. या वर्षी धुळ्याहून माझा दीर भूपेंद्र, जाऊबाई, त्यांचा मुलगा — सगळे आले. घर भरलं. पुनम हार ओवत होती, मी पुरणाच्या मागे. बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर.

मग रोटांचे गहू घ्यायची वेळ आली. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते घ्यायचा मान आबांचा. समाधान असताना स्वतःच्या वाट्याला स्वतःची मूठ भरायचा, आबांची लहान पडते म्हणून. एवढा थोरला पंजा. सासूबाई होत्या तेव्हा ओरडायच्या, "तुले एकल्याले खावानं शे का?"

आबा सुपापुढे बसले. एक मूठ स्वतःची. एक भूपेंद्रची. एक नातवाची. भूपेंद्र काहीतरी म्हणायला गेला, माझ्याकडे बघून थांबला. तेवढ्यात आबाच मोठ्याने म्हणाले, "बठ्ठा मिळीसन तीन." सगळे मिळून तीन. आणि सूप उचलून जाऊबाईंच्या हातात दिलं. झालं. नाकावरचा चष्मासुद्धा हलला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस मोठा केला. बाप आहे हा! एक क्षण तरी हात अडखळायला हवा होता.

१२ ऑगस्ट, सोमवार

कानबाई बोळवली. वाजतगाजत. पुनम नाचली, बघून डोळे भरले. आबांशी बोलले नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

मोतीलाल सरांचा फोन. ते आमचे पर्यवेक्षक, पलीकडच्या शाळेत गणित शिकवतात, आवाज चढवणं त्यांना जमतच नाही. म्हणाले, "मॅडम, काम उत्तम आहे. अकरा मयत वगळले, बावीस नवीन. फक्त... सहाशे बारा." मी पेनाला टोपण लावलं. "मला मेपासून दिसतंय. मी बोललो नव्हतो. पण आता एका पक्षाचा माणूस यादी घेऊन आला होता. म्हणत होता, बीएलओच्याच घरात मयत मतदार. लेखी देतो म्हणाला." पुढे म्हणाले, "लेखी आलं तर नोटीस निघेल. बावीस वर्षांची नोकरी तुमची, एक डाग नाही. वीसच्या आत करून टाका. जमत नसेल तर मी येतो, मी लिहितो."

मी म्हटलं, नको सर, मी करते. का म्हटलं कुणास ठाऊक. मदत घ्यायची वेळ आली की माझी मान आपोआप ताठ होते. समाधान यावरून किती चिडवायचा.

पुनमने ऐकलं असावं. रात्री पोळी लाटताना जवळ येऊन उभी राहिली. म्हणे, "आई, मी अठराची झाले की माझं नाव बाबांच्या खाली येईल का?" मी सांगितलं, नवीन नावं शेवटी येतात, पुरवणीत. "बरं," म्हणाली आणि माझ्या हातातलं लाटणं घेतलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी झेंडावंदन. माझ्या वर्गाने समूहगीत छान म्हटलं, एक कडवं गाळलं तेवढं सोडा.

घरी आले ते कपाळ दुखत. यादी टेबलावर पसरलेली होती. आबा आले, म्हणाले, "जेवी ले बेटा, कवयनी बठेल शे." जेवून घे, कधीची बसली आहेस — तेवढंच. आणि माझं तोंड सुटलं.

म्हटलं, तुमचं बरं आहे आबा. तीन म्हणून मोकळे झालात. मला लिहावं लागतंय. माझ्या हाताने लिहावं लागतंय तो मेला म्हणून, नाहीतर नोटीस येणार. तुम्हाला काय कळणार!

ऐंशीच्या वरचा माणूस. अमळनेरच्या तेलाच्या मिलमध्ये तीस वर्षं पोती वाहिलेला. माझ्या लग्नापासून मला कधी 'अगं' म्हणाला नाही, कायम 'बेटा'. त्याला मी असं बोलले. ते काठी घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. ताट झाकून ठेवलं, तसंच राहिलं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

माफी मागायची होती. शाळेतून आले तर आबा झोपलेले, भर दुपारी. चपला धुळीने भरलेल्या. उठवलं नाही. खरं सांगायचं तर राग अजून थोडा होता.

१८ ऑगस्ट, रविवार

नमुना सात घेऊन बसले. नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं. अनुक्रमांक लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी पेन टेकवलं, शाईचा ठिपका झाला. दुसरा कागद घेतला. त्यावरही ठिपका.

तिसरा घेतला नाही. वर्गातल्या वह्या तपासल्या. एका पोरीने 'माझे घर' या निबंधात लिहिलंय, आमच्या घरात सात माणसं आणि एक आजोबा फोटोत. लाल पेन घेऊन बसले होते, त्या वाक्याला काही केलं नाही.

उद्याचा एक दिवस, परवा शेवटचा. सरांनाच बोलवावं. मान गेली खड्ड्यात.

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी ॲपवर चौकशीसाठी एक नमुना सात येऊन पडला. तहसीलमध्ये शुक्रवारी दाखल झालेला. अनुक्रमांक ६१२. कारण — मयत. अर्जदार झुलाल, मयताचे वडील. अक्षर कुणा अर्ज लिहिणाऱ्याचं. खाली सही आबांची, एकेक अक्षर सुटं.

मोतीलाल सरांना फोन केला. म्हणाले, "हो, मी तहसीलमध्येच होतो. स्वतः आले होते. दोन रिक्षा बदलून. रांगेत उभे राहिले, बसा म्हटलं तर बसले नाहीत."

अशा अर्जाची चौकशी बीएलओने घरी जाऊन करायची असते. गेले. म्हणजे स्वयंपाकघरातून ओट्यावर आले. विचारलं, आबा, हे तुम्ही का केलं?

आबांनी चष्मा काढला. "त्यानं नाव यादीमा मीच टाकं व्हतं, बेटा. मीच काढं. तुले कसाले लिखाले लावू?"

नऊ दिवस मी या माणसाशी धड बोलले नव्हते.