रकाना चौथा: शिलाई मशीन

४ मार्च

बत्तीस नंबरचं घर यादीतून बाद! आणि माझ्याच हाताने.

मदतीच्या अर्जातला चौथा रकाना — 'घरात शिलाई मशीन: आहे / नाही.' मी 'आहे'वर खूण केली. आहेच ना! दारातच होती. पायाने चालवायची, काळी, आणि वर पिवळ्या रंगात आमच्याच संस्थेचं नाव. गेल्या वर्षी आम्हीच दिलेली. आता तिच्यापायी ते घर 'सधन' ठरलं. म्हणजे वर्षाचं धान्य नाही, थोरलीला वसतिगृहात जागाही नाही. गावात सातवीपुढे वर्गच नाही. ती सातवी पास होईल आणि संपलं.

नियमाप्रमाणे अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. "मशीन? आहे की!" बाई कौतुकाने म्हणाली आणि अंगठा दिला. त्या खुणेचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मला होता. मी गप्प बसले.

५ मार्च

साहेबांकडे गेले. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर गेल्या वर्षीच्या अहवालाचं मुखपृष्ठ — हीच बाई, मशीनमागे बसून हसतेय. त्या फोटोखाली बसून साहेब म्हणतात, "अगं, पोट भरायचं साधन दिलंय ना आपण? मग पुन्हा हात कशाला पसरायचा?"

म्हटलं, गावात घरं चाळीस. नवे कपडे शिवतंय कोण?

"ते तिने बघायचं. दात्यांना काय सांगू मी — एकाच घराला दोनदा? भावनेच्या भरात काम करू नकोस. शिकलेली मुलगी तू!"

शिकलेली! घरात मी पहिली. बाबा अजून माझं ओळखपत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघतात. मी असल्या खुणा करण्यासाठी शिकले?

६ मार्च

जेवण गेलं नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

९ मार्च

टायपिंगवाले काका हळूच म्हणाले, "एक खूण इकडची तिकडे कर. इथे गरिबी कोण तपासतंय? फॉर्म तपासतात."

"मी खोटं लिहीत नाही, काका."

"मग बस रडत!"

घरी आईला सांगितलं. तिला अक्षर येत नाही, पण शब्द असा टाकते! "दिसलं ते लिहिलंस ना? मशीन दिसली. सुईत दोरा दिसला का?"

नव्हता. आता डोळ्यांपुढे येतंय — सुई रिकामी होती, आणि मशीनवर वाळत टाकलेली पोरांची कापडं. दोऱ्याचा रकानाच नाही!

१० मार्च

समासात लिहिलं: 'मशीन बंद. दोरा नाही, गिऱ्हाईक नाही.' साहेबांनी अर्ज परत केला. "समास कोरा ठेवायचा."

११ मार्च

बत्तीस नंबरला जाऊन आले. तोंडाने सांगायला हवंच होतं. दोन बस बदलल्या, पुढे तासभर चालले, आणि सगळ्या वाटेवर पाठ केलेली वाक्यं दारात विसरले.

बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हीच दिलं, तुम्हीच मोजलं! भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली की आमची."

आतून थोरली आली. तिला अजून सांगितलेलं नव्हतं. विचारते, "ताई, वसतिगृहात खिडकी असते का?"

तिला पाण्याला पाठवून बाई हळू आवाजात म्हणाली, "ते 'नाही' असं लिहिता नाही का येत?"

"मशीन समोर असताना खोटं कसं लिहू, मावशी?"

"मशीन नसती तर?"

"तर सगळं मिळालं असतं."

"यादी कधी जाते?"

"शुक्रवारी."

निघताना मलाच म्हणाली, "जपून जा, ऊन आहे." माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं!

१२ मार्च

खरं लिहिलं म्हणून माझी झोप शाबूत राहायला हवी होती. कुठे राहिली? माझा खरेपणा जपायचा आणि त्याची किंमत त्या पोरीने भरायची — हा कुठला न्याय?

१३ मार्च

लिहिलं. खोटं लिहिलं!

'आहे' खोडलं, 'नाही'वर खूण केली, शेजारी सही आणि तारीख. पाहणी करणाऱ्याला चूक दुरुस्त करता येते — नियमच आहे तसा. साहेब म्हणाले, "आधीच नीट बघत जा ना!" बस्स, एवढंच. दुपारी यादी गेली. बत्तीस नंबर आहे तीत.

नोकरी गेली तर जाऊ दे. पहिल्यांदाच वाटतंय की मी काहीतरी काम केलं.

१४ मार्च

सकाळी बाईचा फोन, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. आवाजात केवढा आनंद! "ताई, काल उजाडताच बाजार गाठला आणि मशीन विकून टाकली. कालपासून फोन लावतेय, लागतच नव्हता. आता तुम्हाला खोटं लिहायला नको."