आठ बाटल्या पाणी

१८ एप्रिल १९८९, देवपूर

अर्ज गेला! रजिस्टर पोस्टाने, शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना. मुंबईला पीएच.डी. — पर्यावरण अभियांत्रिकी, तीन वर्षं, दरमहा अठराशे विद्यावेतन. मिळालं तर इथल्या कॉलेजात पाइपांचे व्यास शिकवणं सुटलं. विषय माझाच — शिरपूरकडच्या आमच्या गावच्या विहिरी. आठही विहिरींचं पाणी आम्लधर्मी निघालं. केळीला ओततात त्या खतामुळेच! असं ठणकावून लिहिलंय.

२ मे

आकडे पुन्हा काढून बसले. आठ विहिरी, आठ शेतं — आणि आम्लता जवळजवळ एकच? सल्फेटही सगळीकडे सारखंच चढलेलं? परीक्षेच्या ड्यूटीमुळे नमुने घ्यायला मी गेलेच नव्हते. गावी राहणाऱ्या भिकुकाकूने बाटल्या भरून एस.टी.ने पाठवल्या. आळस माझा.

७ मे, गाव

काकूला विचारलं. ती कौतुकाचीच वाट बघत होती!

"अव बाई, गढूळ पानी तुना सायबेस्ना पुढे ठेवू का? गावनं नाव जातं ना! बठ्ठी बाटलीस्मा तुरटी फिराई दिन्ही."

तुरटी! तिच्यामुळेच पाणी आम्ल झालं, सल्फेटही तिचंच. माझा अख्खा सिद्धांत म्हणजे काकूची तुरटी. आधी रडले, मग हसत सुटले. तिला बोलले मात्र नाही. तिचं काय चुकलं?

८ मे

सकाळपासून स्वतः दोर सोडला. आठ विहिरी, आठ बाटल्या. तळवे सोलले. अर्ज फेटाळतील तर फेटाळोत, आकडे खरे जातील.

१५ मे

आम्लता गायब! पण या वेळी नायट्रेटही तपासलं — लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नको, आणि पाच विहिरी शंभराच्या पुढे. खत दोषी आहेच, गुन्हा वेगळा. आमचे विभागप्रमुख धनसिंगसर म्हणाले, "अर्जातलं तसंच राहू द्या. कोण बघतंय?"

मी बघतेय ना!

२२ जून, मुंबई

तीन परीक्षक. खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं — अर्जातला निष्कर्ष चुकलाय, हे नवे आकडे. एकाने चष्म्यावरून बघितलं. "मग तुम्हाला घ्यायचं कशासाठी?" म्हटलं, "चूक तुमच्या आधी मी पकडली म्हणून." मग जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

नायट्रेटवर भरभरून बोलले. मोठ्यांना एवढं जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं, ओठ निळे पडतात, जीवसुद्धा जातो. तिघेही लिहून घेत होते. छान झालं!

१० जुलै

निवड झाली!!

१४ जुलै, गाव

पेढे घेऊन गेले. काकू ओट्यावर, मांडीवर पाच महिन्यांचा नातू. पावडरचं दूध कालवत होती — तिच्याच विहिरीच्या पाण्यात. आठांत सगळ्यात वाईट विहीर ती. बाटली हातातून ओढून घेतली. "काय व्हयनं, बाई?" दोन महिने तो आकडा माझ्याकडे होता. परीक्षकांना सांगितला. काकूला सांगायचं मला सुचलंच नाही.