शाल कुठे गेली

किलकेनी, जानेवारी, मंगळवार संध्याकाळ

आठवडाभर दही लागत नाहीये. अण्णा साताऱ्याहून माझ्याकडे आल्यापासून विरजण तेच लावतात, आणि मी इथल्या दुधाला नावं ठेवत बसलेय.

बर्फ वाढायला लागला म्हणून आज हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून लवकर सोडलं. दार उघडलं तर घरात बाहेरच्याइतकीच थंडी. अण्णा कोट, माकडटोपी घालून सोफ्यावर अंग चोरून बसलेले. भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला, गारढोण. म्हणजे हे रोजचंच? मी गेले की हीटिंग बंद आणि यायच्या जरा आधी चालू? मला कळलं कसं नाही?

विचारलं तर म्हणाले, "तू नसताना एकट्या जिवासाठी एवढं रॉकेल कशाला जाळायचं?"

गेल्या आठवड्यात टँकरवाला हीटिंगचं तेल भरून गेला, तेव्हा बिलाचे रुपये करून पाहिले होते त्यांनी. तेव्हापासून गप्प गप्प होते. मला वाटलं, घरची आठवण येत असेल.

दिवसभर वॉर्डात मी म्हाताऱ्यांच्या मुलांना बजावते, घर उबदार ठेवा. आणि माझा बाप इथे कुडकुडतोय.

ओरडले त्यांच्यावर. नको होतं ओरडायला. आता हीटिंग चालू आहे, ते पडलेत, मधूनच खोकतायत. छाती तपासू देत नाहीत.

पांघरायला त्यांची शाल शोधली, कुठेच दिसेना. शेवटी ओट्यावर सापडली, दह्याच्या पातेल्याला गुंडाळलेली. मला दह्याशिवाय जेवण जात नाही ना.

झाकण काढून पाहिलं. नुसतं गार दूध.