कॉम्प्युटरसाठी खिडकी

३ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारी लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलंय – ‘आईने विचारलं, ऑफिसच्या कामासाठी ना? मी मान हलवली.’ आईने असं काही विचारलंच नव्हतं. ती गिऱ्हाइकाच्या शर्टाला काज करत बसली होती. कॉम्प्युटर घेणार म्हटल्यावर ‘घे की’ एवढंच म्हणाली. ‘म्हणजे ऑफिसचं काम घरी करता येईल’ हे मी आपणहून जोडून तिला सांगितलं. खोडत नाही, पण इथे तरी नीट असू दे.

खरं असं की मला तो खेळायला हवाय.

लिहिल्यावर किती साधं दिसतं!

४ फेब्रुवारी, बुधवार

वसतिगृहात असताना परीक्षा संपल्यावर मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर खेळले होते. एक होडी, पुष्कळ बेटं, आणि आपण. बस.

आमच्यात शाळा पुरी केलेली मी पहिली. त्यामुळे अख्ख्या गोतावळ्याचे फॉर्म, नोटिसा, औषधांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. ‘तिला दाखवा, ती वाचेल.’ माझी एक चूक झाली तर कुणाचं तरी काहीतरी अडकतं. होडीत मी तासन्‌तास चुकत होते – कुणाचं काही अडकलं नाही.

हे आईला कसं सांगायचं? तिने आयुष्यात कधी काही खेळलंय का, तेही मला माहीत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा खाताना पंख्याला विचारलं. (हिशेब खात्यातला. येता-जाता कॉम्प्युटरच्या कूलिंगवर बोलतो म्हणून सगळे त्याला पंखा म्हणतात.) त्याला म्हटलं, बहिणीच्या मुलाला खेळायला घ्यायचाय. मला बहीण नाही. हे त्याला माहीत नसावं अशी आशा.

"आधी ग्राफिक्स कार्ड ठरव. उरलेलं सगळं त्याच्या मागून. बरेच लोक उलटं करतात, प्रोसेसर भारीतला घेतात आणि कार्डाला काही उरत नाही. म्हणजे घोडा मोठा आणि गाडीला चाकंच नाहीत."

रॅम एक घेण्यापेक्षा तेवढीच दोन तुकड्यांत घ्यायची. कार्डाची लांबी बघून मग कॅबिनेट. आणि पॉवर सप्लायमध्ये चिंधीगिरी नाही. "तो एकटा जात नाही बाई, जाताना चार जणांना घेऊन जातो."

"दिवेबिवे?"

"दिव्यांनी खेळ पळत नाही. भाच्याला सांग, खोलीत बल्ब आहे."

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेले. सगळं पाठ करून गेले होते. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "कशासाठी हवाय, ताई?"

आणि मी म्हणाले – ऑफिसच्या कामासाठी.

तो खूश झाला. भराभरा कोटेशन काढलं. ग्राफिक्स कार्ड नाही. लहानसं कॅबिनेट, ‘टेबलावर जागा खात नाही’. मी त्याला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी थँक्यू म्हणाले, दोनदा.

८ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून आले तर घर बदललेलं. आईने दादाला हाताशी धरून शिलाई मशीन खिडकीतून हलवलं, आत मोरीच्या भिंतीला लावलं. खिडकीत टेबल. टेबल दादाच्या खोलीतलं. पुसून, वर कापड अंथरून.

"अगं तिथे उजेड आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. तुझं डोळ्याचं काम. विजेचं बटणही तिथेच आहे."

"तुझं काय हाताचं काम आहे?"

"माझं बोटांना पाठ आहे. तू नको सांगू मला."

दादा घाम पुसत म्हणाला, "साहेबांचं ऑफिस तयार आहे. शिपाई म्हणून मी आहेच, पगाराचं तेवढं बघा."

हसले. दुसरं काय करणार?

११ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर ऊन त्या रिकाम्या टेबलावर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पंख्याने कोटेशन पाहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. मग, "यावर तुझा भाचा पत्रं छान टाइप करेल."

यात नंतर कार्ड बसवता येईल का विचारलं. कॅबिनेटमध्ये मावणार नाही, पॉवर सप्लायला झेपणार नाही. "पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराची चूक नाही हं. त्याला जे सांगितलं ते त्याने दिलं." मग डब्याचं झाकण लावत – "भाच्याने स्वतः जाऊन बोललेलं बरं."

त्याला माहीत आहे. केव्हापासून, कोण जाणे!

१६ फेब्रुवारी, सोमवार

आईने काळ्या पँटला निळ्या दोऱ्याने टीप मारली. दोन्ही पाय, आत-बाहेर. गिऱ्हाइकाने उन्हात धरल्यावर कळलं. बाई बऱ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. तेच आईला जास्त लागलं.

संध्याकाळभर उसवत बसली. मी म्हटलं, मशीन खिडकीत घेऊ या, टेबल आत नेऊ.

"आणि ऑफिसचं काम अंधारात करणार? शिकलीस कशाला मग?"

"अजून कॉम्प्युटर आलाही नाही, आई."

"येईल ना. आला की हलवाहलव नको. वय झालं माझ्या डोळ्यांचं, त्यात जागेचा काय दोष?"

तेव्हाच सांगायचं होतं. उसवलेले दोरे गोळा केले. खोटं एका वाक्याचं आणि ते हलवायला दोन माणसं लागतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आईने ठरवलंय – यापुढे गडद रंगाचं काम घ्यायचं नाही. मला सहज सांगितल्यासारखं सांगितलं, भांडी पुसता पुसता. शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन माणूस येत्या शनिवारी येतोय, त्याला नाही म्हणणार. गणवेश गडद निळे. वर्षातलं तेच तिचं मोठं काम. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी तिने ते धरलं. माझा गणवेशही त्यातलाच असायचा, उरलेल्या कापडाचा.

"कुणीतरी दुसरी घेईल. पोरांचे कपडे, वाकडी टीप गेली तर चारचौघांत दिसते," म्हणाली. आणि मग, "तू कमावतेस आता. मी कशाला अडून बसू?"

मग मावशीकडे गेली, दोन दिवस. शुक्रवारी सकाळी येते म्हणाली.

दादाला मी बाहेर ओट्यावर गाठलं. सांगितलं, खेळायला हवाय. ऑफिसचं काम ऑफिसातच संपतं. तो बूट काढत होता. एक काढून झाला, दुसरा तसाच.

"खेळायला?"

"हो."

"तू?"

"हो."

"मग दुकानदाराला तरी खरं सांगायचं ना! टाइपरायटर आणून ठेवशील घरात." दुसरा बूट काढला. "आईला मी सांगू?"

नाही म्हटलं. ते माझं आहे. त्याने फक्त मशीनचं एक टोक धरायचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. शुक्रवार, २० फेब्रुवारी. आई यायच्या आत मशीन खिडकीत. ती दारातच विचारेल, हे का? तेव्हा सांगायचं.